ताईची बोलकी डबी

२ सप्टेंबर, मंगळवार

अनडिफाइन्ड रेफरन्स! अनडिफाइन्ड रेफरन्स! अख्खी स्क्रीन भरून तीच एक एरर. ज्या महाभागाने हा प्रोग्रॅम लिहून जगाला फुकट वाटला, त्याला समोर बसवून एकेक ओळ मोठ्याने वाचायला लावावी.

काम काय, तर बटण दाबलं की आवाजाची फाईल वाजली पाहिजे. बस्स. दुकानदाराने दिलेल्या डबीत एक परकी बाई बोलते, बातम्या दिल्यासारखी. 'मला पाणी हवे आहे.' ताईने एकदा ऐकलं आणि डबी बाजूला सारली. म्हणाली, "ही बाई माझ्या घरात बोलणार नाही." सोमवारी पंधराला तिचं ऑपरेशन. गाठ काढताना स्वरयंत्रच काढणार आहेत. त्यानंतर ताईला आवाज नाही. म्हणून तिचा आवाज आत्ताच रेकॉर्ड करून त्या डबीत घालायचा, आणि तो मी घालायचा. घरात कॉम्प्युटरवाली मीच ना!

फोनवर का नको, असं भाऊजींनी विचारलं. आधीच्या औषधांनी ताईची बोटं बधिर झालीत, काचेवर नेमकी पडत नाहीत, हे तिच्या नवऱ्याला मी सांगायचं. धन्य आहे. डबीची बटणं निदान जाड आहेत.

सकाळी सगळ्यात आधी त्या महाभागाचा पसारा आवरला. प्रोग्रॅम कसा जोडायचा हे सांगणारी जी फाईल असते, तिच्यात लायब्ररींची, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या तयार तुकड्यांची, नावं वाटेल तशी फेकलेली. एका लायब्ररीचं नाव तर दोनदा! मी सगळी अक्षरक्रमाने लावली, दुसऱ्यांदा आलेलं नाव उडवलं. आता बघायला तरी बरं दिसतं. चालत नाही ती गोष्ट वेगळी.

४ सप्टेंबर

फोरमवर प्रश्न टाकला. पहिलं उत्तर: "माझ्याकडे व्यवस्थित चालतं." अभिनंदन! दुसरं: "आजकाल स्टॅटिक लिंकिंग कोण करतं?" मी करते. ज्याला माहीत नाही त्याने गप्प बसावं एवढी साधी गोष्ट लोकांना जमत नाही.

भाऊजी दारात उभे राहून विचारत होते, अडलंय कुठे. टाळलं तर पुन्हा विचारतील म्हणून सांगितलं. प्रोग्रॅम एकटा काही करत नाही. आवाज वाजवायला एक लायब्ररी लागते, तिला आणखी दुसऱ्या लागतात. मोठ्या कॉम्प्युटरवर त्या आधीच बसलेल्या असतात, प्रोग्रॅम चालता चालता त्यांच्याकडून मागून घेतो. डबी म्हणजे रिकामं घर. तिथे मागायला कुणी नाही. म्हणून लागेल ते सगळं आधीच प्रोग्रॅमच्या पोटात भरायचं, एकच फाईल करायची, हेच ते स्टॅटिक लिंकिंग. हे जोडकाम करणारा तो लिंकर. आणि तो म्हणतोय, हे सापडत नाही, ते सापडत नाही.

"म्हणजे घरून डबा बांधून न्यायचा, बाहेर काही घ्यायचं नाही," भाऊजी म्हणाले.

चूक नव्हतं. मी तसं म्हटलं नाही.

मग पुन्हा विचारलं, "पण अडलंय कुठे?" हा माणूस प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतो. डॉक्टरांना, औषधवाल्याला, रिक्षावाल्यालासुद्धा. ताईने इतकी वर्षं कशी काढली देव जाणे.

५ सप्टेंबर

सुट्टी घेतली आहे तरी ऑफिसातून फोन. आमचे साहेब, मीटिंगमार्तंड! "फक्त पाच मिनिटं जोडली जा." पाच मिनिटांत त्यांचे नमस्कार-चमत्कारही होत नाहीत. फोन बंद करून ठेवला.

६ सप्टेंबर

रेकॉर्डिंगचं खातं भाऊजींकडे. आतल्या खोलीत खिडकीवर रजया टांगल्यात, म्हणे आवाज घुमायला नको. कपाटही उघडं ठेवतात, कपडे आवाज शोषतात म्हणून. कुठून शिकून येतात कोण जाणे! दार लावून घेतात आणि ताईकडून एकेक वाक्य चारचारदा म्हणवून घेतात. चहा नको. दिवा मालवा. दुखतंय. इथे नाही, खाली. मधेच दोघं हसतात. हसण्यासारखं काय आहे त्यात?

संध्याकाळपर्यंत तिचा आवाज बसतो. मी भाऊजींना सुनावलं, की असलेला आवाज तरी पुरवून वापरा. ते "हो, हो" म्हणाले. ताईने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

भाऊजी म्हणाले ऐकून बघ कसं झालंय. मी नाही म्हटलं. आवाजाच्या फाईली हे माझं काम नव्हे. मला चाचणीपुरता एक 'हॅलो' द्या, पुरे.

(खरं म्हणजे ऐकवणार नाही मला. 'दुखतंय' हे तर नाहीच नाही.)

८ सप्टेंबर

तेच. लायब्ररी आहे. जागेवर आहे. मी स्वतः तिच्यात डोकावून बघितलं, हवं ते फंक्शन तिच्यात आहे. आणि लिंकर म्हणतो, नाही! डोळ्यांवर कातडं ओढून बसलाय मेला.

९ सप्टेंबर

काही नाही.

१० सप्टेंबर

आज त्या महाभागाला मेल लिहायला घेतलं. चांगलं झणझणीत. "तुमचा प्रोग्रॅम लोक वापरतात, तेव्हा तो जोडता येतो की नाही हे एकदा तरी बघायची तसदी घ्यावी." पुरावा म्हणून त्याच्याच मूळ फाईली नव्याने उतरवल्या, कशालाही हात न लावता जोडायला दिल्या. एररची चवड उचलून मेलमध्ये चिकटवायची होती.

एकही एरर आली नाही.

मी बघतच राहिले. मग दोन्ही फाईली शेजारी शेजारी ठेवल्या. फरक एकच. त्याची गबाळी यादी आणि माझी सुबक यादी.

लिंकर यादी डावीकडून उजवीकडे एकदाच वाचतो. एखाद्या लायब्ररीपाशी आला, की तोवर कुणी जे मागितलं असेल तेवढंच तिच्यातून उचलतो आणि पुढे जातो. नंतर कुणी काही मागितलं तर मागे वळत नाही. म्हणजे मागणारा आधी हवा, देणारा नंतर. आणि दोन लायब्रऱ्या एकमेकींकडे मागत असतील, तर एकीचं नाव दोनदा घ्यावंच लागतं. तेच मी उडवलं होतं! अक्षरक्रम लावून! शाळेत हजेरी घ्यायची होती जणू.

हे मला कॉलेजात शिकवलेलं आहे. परीक्षेत लिहिलंय मी हे.

ठीक आहे, चूक माझी. पण शेजारी एक ओळ टीप लिहायला त्याचे हात काही झडले नसते. मेल पुसून टाकलं. आभाराचं लिहिणार नाही.

भाऊजींना सांगितलं झालं म्हणून. "झालं?" म्हणाले. मग पुन्हा, "झालं ना?"

११ सप्टेंबर

झालं कुठलं! फाईल डबीत घातली, बटण दाबलं. चिडीचूप. एरर नाही, आवाज नाही.

अर्धा दिवस घालवल्यावर कळलं. आवाजाच्या लायब्ररीला चालायच्या आधी आपली सेटिंगची फाईल वाचायची असते, आणि ती फाईल कुठे असते हा पत्ता तिच्या पोटात पक्का कोरलेला. पत्ता कुठला? माझ्या कॉम्प्युटरवरचा! डबीत तसला फोल्डरच नाही. एवढं सगळं पोटात कोंबलं, कुणाकडे काही मागायचं नाही म्हणून बजावलं, तरी बाईसाहेबांनी बाहेर हात पसरलाच.

ताई दारात येऊन उभी होती. तिने विचारलं, "जमेल ना गं?" आवाज अगदी घोगरा. मी म्हटलं, न जमायला काय झालं. तिच्याकडे न बघता म्हटलं.

१२ सप्टेंबर

लायब्ररी नव्याने बांधली, डबीतला पत्ता दिला, सेटिंगची फाईल तिथे नेऊन ठेवली.

"हॅलो."

ताईचा. थोडा नाकातून, तसाच. दुपारच्या उन्हात टेबलावर पडलेल्या त्या काळ्या डबीतून.

भाऊजींनी डबी कानाला लावली, बटण दाबलं. परत दाबलं. आणि रडायला लागले. 'हॅलो'ला! मी म्हटलं, बॅटरी संपवू नका.

१३ सप्टेंबर

बाकीच्या फाईली भाऊजींनीच भरल्या. कशा भरायच्या ते मी एकदा दाखवलं, त्यांनी अर्थातच दोनदा विचारलं. बटणांवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्यात, वर बारीक अक्षरात नावं. हिरव्या बटणावर मात्र काहीच नाही. ते रिकामं का, म्हटलं, तर "राहू दे" म्हणाले आणि ताईकडे बघितलं. ताई खिडकीबाहेर बघत होती. एक बटण विसरले असणार. कबूल करतील तर शपथ.

१४ सप्टेंबर

ताईला भरती केलं. डॉक्टर समजावून सांगत होते, ती किती दिवसांनी उठेल, गिळायला कधी लागेल. भाऊजींनी दुसऱ्यांदा विचारलं, की आवाज थोडा तरी राहील का. डॉक्टरांनी सांगितलं, नाही. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अहो, एकदा सांगितलेलं कळत नाही का तुम्हाला?" नर्स खाली बघायला लागली.

निघताना ताईने माझा हात धरून ठेवला. म्हणाली, "उद्या ये." एवढंच. तिच्या तोंडून मी ऐकलेलं शेवटचं वाक्य हे असेल, हे जिन्यात लक्षात आलं. मला भीती वाटतेय. कुणाला सांगणार? इथे लिहिते.

१५ सप्टेंबर, सोमवार

झालं. नीट झालं म्हणाले. बाहेर बाकावर आम्ही दोघंच. भाऊजी सारखे बोलत होते. मी ऐकत नव्हते.

१९ सप्टेंबर

ताई आज उशीला टेकून बसली. डबी गळ्यात. अजून एकही बटण दाबलं नव्हतं. भाऊजी तिला काहीतरी सांगायला लागले आणि मी मधेच तोडलं. पट्टा उलटा अडकवलाय, स्पीकर आतल्या बाजूला गेलाय, एक साधं काम नीट होत नाही तुमच्याकडून, वगैरे.

ताईने डबी हातात घेतली, फिरवली, आणि हिरवं बटण दाबलं.

"तू जरा गप्प बस ना गं. त्यांना बोलू दे."

ताईच. बसलेला नाही, घोगरा नाही, चांगला ठणठणीत आवाज. शेवटी हसू दाबलेलं ऐकू येतंय. मी गप्प बसले. भाऊजींचे कान लाल झाले. चाचरत म्हणाले, "रागावू नकोस. मी नको म्हणत होतो. पण तिने सगळ्यात आधी तेच रेकॉर्ड करून घेतलं."

सगळ्यात आधी. 'दुखतंय'च्याही आधी.

मला तो आवाज पुन्हा ऐकायचा होता. मग मी भाऊजींकडे वळून, जमेल तितक्या तिरसटपणे म्हटलं, पट्टा उलटा होता तो होताच.

ताईने पुन्हा दाबलं.