ताईला विचारायचं राहिलं

ताई, तुला आणि भावजींना वाकून नमस्कार. मी बरी आहे, जेवणाची आबाळ नाही. फक्त चढून चढून पाय बोलायला लागलेत. या वस्त्यांपर्यंत गाडी येत नाही.

इथल्या मूळच्या लोकांचे डोळे चाळिशीतच जातात. हे पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून येतं का, ते आमचं केंद्र शोधतंय. पूर्वी कुणी रक्त घेऊन गेले ते पुन्हा फिरकलेच नाहीत, त्यामुळे लोक बिचकतात. म्हणून मी आपल्या आईची नजर कशी गेली ते सांगितलं आणि सगळ्यांदेखत आधी माझं रक्त काढून दिलं.

वस्तीतल्या थोरल्या बाईंनी विचारलं, "तुला बहीण आहे ना? तिला विचारलंस?"

"रक्त माझं, तिला कशाला विचारू?"

"एकाच आईच्या ना तुम्ही? तुझं कळलं की तिचंही थोडं कळणारच. आमच्यात असं सगळे बसून ठरवतात."

केंद्रातले साहेब वैतागले, पण मी माझ्या रक्ताची तपासणी थांबवायला लावली.

सुई ओवायला तू हल्ली लेकीला हाक मारतेस, असं भावजी फोनवर म्हणाले. चष्म्याचा नंबर वाढला असेल, दुसरं काय!

तर आता विचारते, करू का तपासणी? लेकीशीही बोल.

थकलेय गं. बाई म्हणतात, "तुझ्या बहिणीचं उत्तर येऊ दे, मग आमचं ठरवू." सगळी वस्ती थांबलीय. पण तेवढ्यासाठी हो म्हणू नकोस. नको वाटलं तर नको लिही, मी त्यांना तसंच सांगेन.

तुझीच,
धाकटी