काठ्या बॅगेत गेल्या

३ जाने., शनि.
सकाळपासून पलंगावर बॅग उघडी. काठ्या पूर्ण मिटवल्या, खालच्या चकत्या काढल्या, रबरी टोपणं काढली, तिरक्या ठेवल्या. तरी दोन बोटं बाहेर. ह्याच काठ्या सॅकला बाहेरून अडकवून हरिश्चंद्रगड केलेला. आता त्यांच्यावर नौपाड्यात दूध आणायला जाते. काठी म्हटलं की अनिल चिडतो. "ट्रेकिंग पोल म्हण. काठी म्हातारे वापरतात." एकतीस वर्षांचा संसार, आणि अजून माझी समजूत घालतोय.
मुक्ताला नववा लागलाय, विमानात बसायचं नाही. पहिल्या बाळंतपणाला लेकीने माहेरी यायचं, तर इथे आई निघाली बंगलोरला.

४ जाने., रवि.
दादाचा फोन. मानपाड्याला त्याचं वर्कशॉप आहे. "घेऊन ये इकडे, दोन इंच उडवून देतो. पाइपच तर आहे!" सख्खा भाऊ. म्हणणार होते, पाय पण उडवून दे मग. म्हटलं, "नको रे, बघते काहीतरी."
शेजारच्या वहिनींकडे मोठी बॅग मिळाली. तिरक्या बसतात.

६ जाने., मंगळ.
पण बॅगेत घातल्या तर विमानतळावर मी चालू कशावर? अनिलने एअरलाइनला फोन लावला. बराच वेळ नुसतं गाणं. मग एक मुलगी: साधी काठी आत चालेल, पोल चेक-इनमध्येच. डॉक्टरांचं पत्र असेल तर? "सर, ते सिक्युरिटीवर आहे."
साधी काठी घेऊन बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये चालून पाहिलं. एका बाजूला आधार मिळाला की दुसरीकडे कलते. चौथ्या पावलाला भिंत. मला दोन लागतात. दोनच लागतात.

७ जाने., बुध.
डॉ.नी पत्र दिलं. दोन्ही पोल चालण्यासाठी आवश्यक वगैरे. सही, शिक्का. मग नेहमीचं: बोट नाकाला लावा. गालाला लागलं. परत. परत गालालाच. त्यांनी काहीतरी लिहिलं. मी विचारलं नाही, अनिलनेही नाही. मेंदूतला तोलाचा भाग झिजतोय, औषध नाही, हे दोन वर्षांपूर्वीच सांगून झालंय.
निघताना म्हणाले, "व्हीलचेअर घ्या ना, तेवढ्यापुरती."
तेवढ्यापुरती.

९ जाने., शुक्र.
डिंकाचे लाडू. वळताना हात हलतो, फुटतात. शेवटी वहिनींनी वळले. बंगलोरला सांगायचं, मी केले.
मुक्ताचा फोन. "आई, तू नुसती ये. काही करायचं नाही. माझ्याजवळ बसून राहा." प्रेमाने म्हणाली. तरी दुपारभर तेच डोक्यात. नुसती ये.

१२ जाने., सोम.
विमानतळ. काउंटरपर्यंत माझ्या पायांनी गेले. पत्र दाखवलं. मुलीने दोनदा वाचलं, साहेबाला बोलावलं. त्याने रबरी टोपण काढून काठीचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं. "नुकीला है, मॅडम. सिक्युरिटी से वापस भेजेंगे." म्हटलं, "मुझे चलके जाना है." "समझता हूँ." खरंच समजत असावा. कुणी उर्मटपणे बोललं असतं तर भांडले तरी असते.
तिथेच बॅग उघडली. अनिलने टोकांना स्वतःचे मोजे चढवले, टॉवेलात गुंडाळून तिरक्या ठेवल्या, लाडवांच्या डब्याला लागून. बॅग पट्ट्यावरून गेली. मी खुर्चीत. ढकलणारा मुलगा माझ्या डोक्यावरून अनिलला विचारतो, "मॅडमको वॉशरूम जाना है क्या?"
बंगलोरला सगळ्यांच्या बॅगा आल्या. आमची नाही.

१३ जाने., मंगळ.
बॅगेचा शोध चालू आहे म्हणतात. मुक्ताकडे गुळगुळीत फरशी, धरायला काही नाही. बाथरूमला अनिलचा हात. जावई रोहन बिचारा दुसरीकडे बघतो. त्याने नवे पोल मागवलेत, ते शनिवारी येणार.
एवढं पोट घेऊन मुक्ता मला चहा आणून देते.

१५ जाने., गुरु.
सकाळपासून मुक्ताचं पोट दुखत होतं, दुपारी दोनला कळा जोरात. दहा दिवस आधीच. रोहन गाडी काढायला पळाला. अनिल मध्येच उभा, एकदा तिच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. "तू जा," म्हटलं, "मला न्यायला वेळ लागेल." दारातून मुक्ताने वळून पाहिलं. मी हात केला. दार बंद.
साडेतीनला बेल. बाहेरून "बॅगेज!" आमची बॅग. काठ्या! ओरडले, "रुको, आ रही हूँ!" सोफा धरून उठले, सोफा संपला. पुढे टेबलापर्यंत तीन पावलं मोकळी. दुसऱ्याला पडले. लागलं नाही फारसं. गुडघ्यांवर निघाले. बेल परत. "भैया, रुको, एक मिनिट!" आवाजही हल्ली जड निघतो. त्याला ऐकू गेला की नाही कोण जाणे. दाराशी पोचले, कडीला हात घातला, तर लिफ्टचं दार लागल्याचा आवाज.
उघडलं. पॅसेज रिकामा.
पायपुसण्यावर किती वेळ बसले माहीत नाही. मग तशीच, आले तशी, परत सोफ्यापर्यंत.
पाचला अनिलचा फोन. मुलगी. दोघी छान. व्हिडिओवर दिसली, लालेलाल, मूठ तोंडात. रडले. मग तो म्हणाला, "अगं, बॅगवाला येऊन गेला म्हणे. माझा फोन सायलेंटवर होता. घरी कोणी नाही असा मेसेज आलाय. तू होतीस ना?"
"झोप लागली होती."
"बरं केलंस, पडलीस जरा."

१७ जाने., शनि.
बॅग आली. काठ्यांना ओरखडा नाही. लाडूसुद्धा शाबूत. मोजे काढले, काठ्या लांब केल्या, उभी राहिले. दारापर्यंत नऊ पावलं. मोजली.
मुक्ता बाळाला घेऊन घरी. मांडीवर दिलं, दोन्हीकडे उश्या, खालून अनिलचा हात. तो काढ म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

९ फेब्रु., सोम.
नौपाडा. येताना काठ्या घरूनच बॅगेत, खुर्ची आधीच सांगितलेली. वाद नाही, वेळ नाही गेला. अनिल म्हणाला, "किती सोपं झालं बघ."

१५ फेब्रु., रवि.
मुक्ताचा फोन, स्पीकरवर. जुलैत कामावर रुजू व्हायचंय. "आई, बाळाला पाळणाघरात नाही ठेवायचं गं मला. दिवसभर बाई असेल, कामं ती करेल. तू फक्त घरात असायला हवीस. घरचं कुणीतरी. येशील ना?"
माझ्याआधी अनिलच बोलला. "येणार म्हणजे काय! मी तिकिटं बघतो. मी पण आहेच की." नातीचं नाव निघालं की त्याचा चेहराच बदलतो.
मी म्हटलं, "बघू."
"बघू काय, आई? मागच्या वेळी एकटी राहिलीसच की दुपारभर."
हो, राहिले.
समजा, बाई एखाद दिवशी आली नाही. अनिल खाली गेला. बाळ आतल्या खोलीत रडतंय. मी सोफ्यावर, आणि काठ्या कुणीतरी उचलून कोपऱ्यात नीट उभ्या केलेल्या.
अनिलला त्या दुपारचं सांगायला हवं. ठरवलं, भाजी घेऊन येऊ दे, आला की सांगते. आला. मेथी स्वस्त मिळाली म्हणून खूश. समोर पेपर पसरून बसला, अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली. "एप्रिलमध्ये बुक केलं तर बरं पडेल, नाही?"
मेथी निवडून झाली.