दाराच्या चौकटीवरची पट्टी

प्रिय मोजपट्टी,

त्या सकाळी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. तू सात वर्षांची. एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर लंगडी घालत होतीस. गॅसवर दूध होतं, म्हणून माझा एक कान आत होता. तुझे बाबा टेबलाशी नोंदवही उघडून, पेनाचं टोपण दातांत धरून बसले होते. त्यांनी खिडकीतून विचारलं, "किती?" मी दोरीवरचे चिमटे मोजले आणि म्हटलं, "सव्वीस." त्यांनी लिहिलं, वही मिटली, डबा उचलला आणि सायकलवर टांग टाकून सांडपाण्याच्या केंद्रावर गेले. दूध उतू गेलं. तुझा मोजा ओट्याखाली सापडला. अशा कितीतरी सकाळी आपल्या घरात गेल्या, त्यामुळे तुला त्यातली एकही वेगळी आठवत नसेल.

रविवारी तू आलीस ती काही न खाता गेलीस. हे फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच "आई, थांब" म्हणतेस आणि मी खरंच थांबते. कागद मध्ये बोलत नाही. म्हणून लिहायला बसले आहे. अक्षर वाकडं आहे, ते तुला ठाऊकच आहे. मी तिसरीपर्यंतच शाळेत गेले आणि पुढचं वाचन वाणसामान बांधून आलेल्या कागदांवर, मग वाचनालयात शिकले. पण सगळ्यांत आधी शिकले ते त्या नोंदवहीवर. 'पाण्याची पातळी, सेंटीमीटर' हे माझे पहिले नीट वाचता आलेले शब्द.

दोन वर्षांपूर्वी तू सांडपाणी गाळायच्या वाफ्यांचा नकाशा याच टेबलावर पसरला होतास, तो दिवस आठवतो. मी विचारलं होतं, गटाराचं पाणी गवत कसं काय साफ करणार? तू पीठ चाळायची चाळणी घेतलीस, तिच्यात बागेतली खडी भरलीस आणि वरून भांडी धुतलेलं पाणी ओतलंस. म्हणालीस, खडीत बोरू आणि पाणकणीस लावायचे, त्यांच्या मुळांवर डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, घाण तेच खातात. पाणी फक्त सावकाश जायला हवं, घाई झाली की सगळं फसतं. हे वाक्य तू दोनदा म्हणाली होतीस. गावाला मात्र चेष्टेला विषय झाला. आपला सलूनवाला म्हणायचा, "बाई, तुमची लेक आता गवताला गावाचं जेवण वाढणार म्हणे!" मग पहिल्या उन्हाळ्यात वाफे माझ्या खांद्याएवढे हिरवे झाले, शेवटच्या चरातून नितळ पाणी नदीत जायला लागलं, तेव्हा तोच बायकोला घेऊन बघायला आला. फाटकाशी तू बाबांच्या नावाची पाटी लावलीस. 'ज्यांच्या अचूक नोंदींवर हे काम उभं राहिलं.' मी तिथे हात जोडून उभी होते, मग डोळ्यांना पदर लावला. तुला वाटलं मी त्यांच्या आठवणीने रडते आहे. मी तसंच वाटू दिलं.

नंतर पाऊस लागला. तुला सांगायची गरज नाही, तू तिथे गुडघाभर घाणीत उभी होतीस. पण मीही तिसऱ्या दिवशी छत्री घेऊन आले होते, तुला दिसले नाही. वाफ्यांचे बांध दिसतच नव्हते. बोरू आडवा झाला होता आणि त्याच्यावरून काळं पाणी सरळ नदीकडे चाललं होतं, अगदी घाईने. खालच्या वस्तीचा पंप त्याच नदीवर. चोवीस माणसं इस्पितळात, त्यातली दोन परत आली नाहीत. एक तो म्हातारा पोस्टमन. दुसरी आपली शिवणकामवाली, जिने तुझे शाळेचे सगळे झगे शिवले आणि दर वर्षी खाली चार बोटं दुमड ठेवली, "पोर वाढतेय, उसवायला राहू दे" म्हणून. मी तिच्या घरी बसायला गेले. तिच्या बहिणीने मला पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाली, "शिकलेल्या लेकीचं कौतुक झालं ना करून? आता जा." मी गेले. ती चुकीच्या बाईला बोलली नव्हती, फक्त तिचं कारण चुकलं होतं.

रविवारी तू वह्यांच्या प्रती टेबलावर मांडल्यास आणि मला समजेल असं सांगत राहिलीस, लहानपणी उजळणी म्हणायचीस तशी. म्हणालीस, आई, एकोणीस वर्षांच्या नोंदी आहेत, पावसाच्या दिवसांत पातळी वाढलेलीच नाही, उलट थोडी उतरते. म्हणजे बाबांच्या काळात पावसाचं पाणी गटारात शिरतच नव्हतं, पाइप इतके घट्ट होते. म्हणून जादा पाणी अडवायला वेगळा तलाव धरला नाही. कोरड्या दिवसांत पंधरा दिवस स्वतः मोजलं, ते त्यांच्या आकड्यांशी बरोबर जुळलं, मग शंका कशाला घ्यायची? पाइप नंतर फुटले असणार आणि ते मी तपासायला हवं होतं. असं म्हणून तू चष्मा काढून ठेवलास. म्हणालीस, शुक्रवारी चौकशीत चूक माझी असं लिहून देते, नोकरी जाईल, कदाचित खटला होईल, पण बाबांच्या वहीकडे कुणाला बोट दाखवू देणार नाही. मी उठले आणि वाळलेले कपडे घड्या करायला घेतले. घड्या घातलेलेच होते ते. मोडून पुन्हा घातले.

आता ऐक, आणि थांब म्हणू नकोस.

केंद्रावरच्या नाल्यात पातळी मोजायची एक पट्टी होती. पांढऱ्या मुलाम्याची, काळ्या रेघांची, एक मीटर लांब. तू सहा वर्षांची होतीस त्या वर्षी पुराने ती खांबासकट उपटली. बाबांना ती गाळात सापडली, धुऊन त्यांनी घरी आणली आणि नवा खांब मागितला. तीन अर्ज केले. वरून निरोप आला, खांब येईपर्यंत अंदाजे लिहा. खांब आलाच नाही. पहिले काही दिवस ते काठावर बसून अंदाज करायचे. मग एका सकाळी मला गमतीने विचारलं, "तूच सांग ना एक आकडा." मी चिमटे मोजून सांगितला. पट्टी होती तेव्हा पातळी वीस ते तीसमध्ये असायची आणि आपल्या तिघांच्या कपड्यांना तेवढेच चिमटे लागायचे. त्यांना हसू आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुढे ते हसायचे राहिले, विचारायचे राहिले नाहीत.

पावसात मी कपडे कमी धुवायचे, मोजे आणि रुमाल तेवढे, तेही पडवीत. "अकरा" म्हटलं की ते म्हणायचे, "फारच कमी गं, अठरा लिहितो." जास्त लिहिलं तर साहेब विचारायला येतील याची त्यांना धास्ती होती, आणि आले तर नाल्यात पट्टी नाही हे दिसलं असतं. पावसात पातळी उतरते ती म्हणून, बाळा. पाइप कधीच घट्ट नव्हते.

त्यांना वाईट माणूस समजू नकोस असं मी म्हणणार नाही. तू मोठी आहेस, तुझं तू ठरव. पण माझं सांगते. दिवसभरात ते मला दुसरं काही विचारत नसत, भाजी कुठली एवढंही नाही. त्या एका प्रश्नाची मी वाट बघायचे. तिसरीत शाळा सुटलेल्या बाईचा आकडा सरकारी वहीत शाईने लिहिला जातो, याचा मला अभिमान वाटायचा. तू नकाशा पसरलास तेव्हाच मी बोलायला हवं होतं. तू म्हणालीस, "बाबांचे आकडे आहेत म्हणून हे जमतंय," आणि त्यांना जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मला वाटलं, चिमट्यांनी कुणाचं काय बिघडणार आहे.

तुला प्रश्न पडला असेल, ती पट्टी कुठे गेली. तू नाल्यावर विचारलंस तेव्हा मुकादम म्हणाला, गेल्या पुरात वाहून गेली, आणि तू ते मानलंस. ती आपल्या स्वयंपाकघराच्या दारात होती. बाबांनी जमिनीपासून पन्नास सेंटीमीटरवर चौकटीला स्क्रूने बसवली आणि दर वाढदिवसाला तुला तिच्याशी उभं केलं. "किती गं?" असं तुला विचारायचे आणि तू सांगितलेल्या आकड्यात पन्नास मिळवायचे. ते सगळे आकडे खरे आहेत. तुझं मोजपट्टी हे नाव तिच्यावरूनच पडलं. तिच्या मागच्या बाजूला केंद्राचा क्रमांक आणि शिक्का आहे. तो कधी दिसू नये म्हणून त्यांनी तिला सहा स्क्रू मारले होते. नुसतं मी बोलले असते तर लेकीला वाचवायला म्हातारी काहीही सांगते, असंच म्हणाले असते.

शुक्रवारी तू काही लिहून देऊ नकोस, एवढ्यासाठी हे पत्र. आणि तुला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये म्हणून. पाटी काढतील, ती काढू दे. तू रविवारी संध्याकाळच्या बसने गेलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर घेतला, चौकटीवरून पट्टी काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली, चौकशी कचेरीत नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि एकोणीस वर्षं आकडे कुठून येत होते ते सांगून खाली सही केली.

तुझीच,
आई