मनोऱ्यातलं टेबल

आई,

तुला वाकून नमस्कार. बाबांना राग उतरल्यावर सांग.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. बाबा म्हणतात, बिअरच्या जुन्या कारखान्यावर काय जीव टाकतेस? अगं, बिअर नव्हे, इमारत! धान्य एकदाच मनोऱ्याच्या माथ्यावर चढवायचे. मग दळून, उकळून, निवून माल आपल्याच वजनाने मजल्यामजल्याने खाली यायचा. म्हणून तर एवढा उंच मनोरा. आज कोण एवढं डोकं लढवतं?

मालकाला तो पाडायचाय, म्हणून तपासणी आमच्या ऑफिसकडे आली. आमचे साहेब म्हणाले, "इमारत धोकादायक आहे, असं लिहून दे." मी एकेक तुळई ठोकून पाहिली होती. सगळ्या ठणठणीत! साफ नाही म्हटलं. साहेबांनी माझं टेबल ऑफिसाबाहेर काढलं. नोकरीचं एवढ्यात विचारू नकोस.

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना?

टेबल मी हमालांकरवी मनोऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर चढवलंय. तिथूनच लिहितेय. साहेब खालून ओरडतात, "उतर, मनोरा पडेल!" मी म्हणते, "वर या, चहा पिऊन मग सांगा."

उत्तर इथेच पाठव. मनोरा हलत नाही, मीही हलणार नाही.

तुझी लेक
(हट्ट बाबांचाच, सांग त्यांना.)