बुलबुलाचे फोटो, रेवासाठी

३ एप्रिल
रेवाला घर सोडून जाऊन चाळीस दिवस. शहराच्या टोकाला सूसला, मैत्रिणीच्या फ्लॅटवर. लग्नाची आठ वर्षं बागेतून हाका मारायची, "हे बघ ना, लवकर ये." मी "आलो" म्हणायचो, लॅपटॉपवरून उठायचो नाही. कपडे नेले, कॅमेरा ठेवून गेली.
आज ऑफिसला दांडी. कढीपत्त्यावर हिरवी अळी दिसली. फोटो काढला, हललेला. तरी पाठवला. तासाभराने उत्तर: "फुलपाखरू होईल तिचं. झाडावर औषध मारू नकोस."
चाळीस दिवसांतली पहिली दोन वाक्यं. दहादा वाचली.

६ एप्रिल
रोज एक फोटो. उत्तरं तुटक, पक्ष्याकिड्यांची नुसती नावं. "तांबट." "चतुर नाही, टाचणी." तेवढ्यावर दिवस जातो.
घरमालकीण हौसाबाई गॅलरीतून, "बाई कवा यायच्यात?"
"माहेरी गेलीये."
"लई दिस झालं की."
आत आलो.

९ एप्रिल
मधुमालतीत बुलबुलाचं घरटं! तीन पिल्लं, डोळे मिटलेले. फोटो पाठवला, तर रेवाचा चक्क फोन.
"अरे, मी गेल्या वर्षी घरट्याची किती वाट पाहिली होती!" हसली. हसली! मग आवाज कोरडा: "लांबून काढ. पानांना हात लावायचा नाही. कळलं?"
कळलं म्हणालो.

११ एप्रिल
पानं आडवी येतात, पिल्लं नीट दिसत नाहीत. कात्री घेतली. तीनच फांद्या. चांगल्या फोटोसाठी, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिने परत फोन करावा म्हणून.
फोटो झकास. फोन नाही. मेसेज: "इतकं मोकळं कसं दिसतंय? काही कापलंस का?"
"नाही. झूम केलंय."

१२ एप्रिल
घरटं रिकामं.
बुलबुलाची जोडी तारेवर, नुसती ओरडतेय. एकाच्या चोचीत किडा तसाच.
हौसाबाई खाली आल्या. "कावळ्यानं नेली. म्या हाकलला, पन तवर झालं हुतं." वेलीकडे बघत राहिल्या. "आडोसा कुनी तोडला?"
"मी."
"का वो?"


१४ एप्रिल
रेवा: "पिल्लं कशी आहेत?"
कॅमेऱ्यात शनिवारचे चार फोटो बाकी होते. त्यातला एक आजचा म्हणून पाठवला.
"किती गोड!"
जेवण गेलं नाही.

१७ एप्रिल
दोन दिवस तेच. आज शेवटचा फोटो संपला. आणि आजच तिचा मेसेज: "रविवारी येते. उडून जायच्या आत एकदा बघते."
एवढे दिवस ती यावी म्हणून झुरलो, आणि आता…

१८ एप्रिल
फोन करून सांगितलं. फांद्या, कावळा, शिळे फोटो. सगळं.
तिच्या मागे कुणाचा तरी मिक्सर चालू.
"पिल्लं जातात रे. पाल्यात असली तरी जातात. पण तू मला ती नसताना त्यांचे फोटो पाठवत होतास. मी ऑफिसात सगळ्यांना दाखवत होते."
"तरी ये उद्या."
"कशासाठी?"
तिने फोन ठेवला.

१९ एप्रिल, रविवार
आली! अकरा वाजता, स्कूटरवरून. चहा नको म्हणाली. वेलीसमोर उभी राहिली.
"मला खरं कधी सांगणार होतास?"
"सांगितलं ना काल."
"मी येते म्हटल्यावर."
खरंय. मग पायरीवर बसून रडली. पिल्लांसाठी की आमच्यासाठी, विचारायची हिंमत झाली नाही. मी दोन पायऱ्या वर बसलो. हात लावावासा वाटत होता. नाही लावला.
निघताना म्हणाली, "आता फोटो पाठवू नकोस."
"मग काय पाठवू?"
"काही नको. मला वाटलं तर मी करेन फोन."
तिची स्कूटर वळेपर्यंत फाटकात उभा राहिलो.
संध्याकाळी हौसाबाईंनी पिठलं-भाकरी आणून ठेवली, काही न विचारता. अजून झाकूनच आहे.