चष्म्यातलं तळं

४ मार्च
आज रुजू झाले! कमरेखालचं अंग बधिर करून ज्यांचं ऑपरेशन होतं, त्या जाग्या पेशंटना व्हीआर चष्मा लावायचा, हे माझं काम. आत तळं दिसतं, बदकं पोहतात, वारासुद्धा ऐकू येतो. माणूस कापाकापी विसरून जातो. पट्टा कानामागून कसा घ्यायचा, काचा कशा पुसायच्या, सगळं सिस्टरनी हौसेने दाखवलं. सर्जन एकच वाक्य बोलले: पेशंट हलला की तुझी नोकरी हलली. मी हसले. ते हसले नाहीत.

७ मार्च
हर्नियाचे आजोबा तासभर शहाण्या मुलासारखे पडून होते. बाहेर आल्यावर मात्र आईचा पदर धरावा तसा त्यांनी माझा कोट धरला, सोडेचनात. म्हणाले, सगळं कळत होतं, सुरीसुद्धा. पण तळ्याकाठी तोंडच उघडेना. सिस्टर म्हणाल्या, वय झालंय, बरळतात.

१२ मार्च
गुडघ्याच्या ऑपरेशनच्या बाईही तेच सांगत रडल्या. नाडी दीडशे आणि चेहरा हसरा, मी स्वतः पाहिलं. भूलतज्ज्ञ हल्ली इंजेक्शन अर्धंच देतात. विचारलं तर सर्जन खेकसले, पेशंट गप्प, काम झटपट, तुझ्या पोटात का दुखतंय? जेवताना आता माझ्या टेबलाशी कोणी बसत नाही.

१५ मार्च
परवा ताईच्या पोटातली गाठ काढायची आहे. माझ्याच भरवशावर तिने हे हॉस्पिटल निवडलं. आज हातापाया पडले, इथे नको. ती हसली. म्हणाली, अगं, तूच ना त्या तळ्याचं एवढं कौतुक करत होतीस?

१७ मार्च
डाव्या हाताने लिहितेय.
ताईची नाडी एकशे साठ. ओठांवर हसू. मी चष्मा ओढून काढला — आणि किंकाळी. अर्ध्यातूनच ऐकू आल्यासारखी, जणू आत केव्हाची चालूच — सर्जन म्हणाले, लावा परत. सिस्टरनी मला बाहेर ढकललं. उजवा हात दारात सापडला. मोडला.

१८ मार्च
हाड बसवायचंय, फक्त हात बधिर करून. इथेच. दुसरीकडे पाठवा म्हटलं — कोणी ऐकत नाही. माझा हात मोडलाय म्हणून संमतीच्या कागदावर ताईने सही केली.

स्ट्रेचरवर आहे. थिएटरच्या दाराशी. ताईला चाकाच्या खुर्चीतून आणलंय. म्हटलं, ताई, तू तरी सांग ना यांना. माझे केस मागे सारत म्हणाली, "गप्प राहिलं की लवकर संपतं गं."
चष्मा आणला. पट्टा ताईच ओढतेय, घट्ट, अजून घ—