मला कुणी विचारलं?

५ फेब्रुवारी

ती. दादास,
स. न. वि. वि.

वि. वि. लिहायची पद्धत म्हणून लिहिलं. विनंती काही नाही, भांडण आहे. फोन मुद्दाम केला नाही. मी तापले की तुझ्याकडे नेमका आवाज तुटायला लागतो. कागद तुटत नाही.

काल दवाखान्यात माझ्या टेबलासमोर पेशंट बसले होते. दाढ सुजलेला एक माणूस गाल धरून फोनवर काहीतरी बघत हसत होता आणि शेजारच्या बाईलाही दाखवत होता. तो आवाज कानावर आला आणि मी अपॉइंटमेंटची वही मिटून त्याच्या फोनमध्ये डोकावले. आपली बारकी होती. आपल्या प्रार्थनेच्या ऑनलाइन ग्रुपवर गुरुवारची जपमाळ सांगताना मारियेच्या प्रार्थनेतल्या ‘कृपापूर्णे’च्या ‘कृ’वर अडकलेली, आणि तिच्या प्रत्येक ‘कृ’मागे कुणीतरी कोंबडीचं ओरडणं चिकटवलेलं. खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते मी इथे लिहिणार नाही. त्या माणसाला विचारलं की हे कुठून मिळालं, तर म्हणाला, सगळीकडे फिरतंय, तुम्हालाही पाठवू का. मी त्याला आत पाठवलं. दाढ काढायची होती त्याची. मला जराही दया आली नाही.

हा ग्रुप मी सुरू केला तेव्हा बंद होता. आपल्या चर्चमधली कामधंद्यासाठी पांगलेली माणसं आणि रविवारी मिस्सेच्या उपासनेला येता येत नाही असे आजारी, म्हातारे, एवढेच आत. कुणी नवऱ्याच्या दारूसाठी प्रार्थना मागतं, कुणी मुलीच्या ऑपरेशनसाठी. चव्हाट्यावर मांडायच्या गोष्टी आहेत का या? तुला ॲडमिन केलं ते ओळखीच्या माणसांना आत घ्यायला, भिंत पाडायला नव्हे. आज बघते तर सेटिंगमध्ये ‘सर्वांसाठी खुला’, आणि व्हिडिओ शेअर करायलाही मोकळीक. बदल कुणी केला त्याचं नाव तिथेच येतं, तेव्हा मी नव्हेच असं लिहून शाई वाया घालवू नकोस.

लोभ आहे तेवढा आहे. आज वाढवून मागू नये.
तुझी,
मधली

९ फेब्रुवारी

चि. मधलीस,
अ. आ.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमनच्या हातातून घेतानाच पाकीट गरम लागलं.

हो, मीच उघडला ग्रुप. चोरी केलेली नाही. नवे फादर विचारत होते की एवढं चांगलं काम चार भिंतींत का, प्रार्थनेला कुलूप कशासाठी. मला पटलं. महिनाभरात माणसं दुप्पट झाली, ते तुझ्या नजरेला नाही आलं. आता त्यात एखादा टवाळ निघाला, त्याला मी काय करणार? मी पाणीखात्यात जन्म काढला. सार्वजनिक नळावर कुणी घाणेरडं भांडं घेऊन आलं म्हणून नळ बंद करत नाहीत.

बंद करायला म्हणून तुझं पत्र वाचून बसलोही होतो. ते बटण काही सापडलं नाही, उलट ग्रुपवरचा चर्चचा फोटो उडाला. तो कसा परत लावायचा ते कळव.

बारकीला यातलं काही ठाऊक नाही. रोज बाइंडिंगच्या कारखान्यात जाते, पुस्तकं शिवते, येते, जेवते. मी तिच्यापाशी विषय काढलेला नाही, तूही काढू नकोस. उगाच जीवाला लावून घेईल. आणि रागावणार असशील तर खुशाल रागाव, पण तू लांब बसून हुकूम सोडतेस. इथे तिचा खोकला, तिचा चष्मा, तिचं गप्प बसणं हे सगळं मी बघतो.

तुझ्या रागासकट तुझा,
दादा

१२ फेब्रुवारी

दादास,
नमस्कार. बाकीची अक्षरं गाळली आहेत.

नळाचा दाखला तुझ्यापाशीच ठेव. नळाला पाणी येतं, दादा, तू आपल्या बहिणीला रस्त्यावर आणलंस.

जे करायचं ते मी केलं आहे. ग्रुप बंद केला. शेअर करणं बंद केलं. ज्यांना आपल्यातलं कुणीच ओळखत नाही अशी सगळी माणसं काढली, म्हणजे तुझी दुप्पट पुन्हा एकपट झाली. तुझं ॲडमिनपद काढलं आहे, फादरांना काय सांगायचं ते तू सांग. बारकीचे जुने व्हिडिओ एकूणएक पुसले, पुन्हा कुणाच्या हाती लागायला नकोत. ती कोंबडीची क्लिप काढून टाका म्हणून रोज तक्रार करते आहे. एकीकडून काढतात, दुसरीकडून उगवते. हरळीसारखी.

यापुढे गुरुवारची माळ चर्चमध्ये गायन घेणाऱ्या बाई सांगतील. बारकीला मी कळवलं आहे की तुमच्या भागात नेट नीट चालत नाही म्हणून काही दिवस तिने विश्रांती घ्यावी. तेवढं तू सांभाळून घे. निदान एवढं तरी नीट कर.

तुझी,
मधली

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
स. न. वि. वि.

हे पत्र आधी दादाला वाचायला दिलं, मग पाकीट चिकटवलं. दोघांना वेगवेगळं लिहायची माझी इच्छा नाही.

आमच्या भागात नेट उत्तम चालतं. ती क्लिप मी तुझ्या आधी पाहिली. कारखान्यात दुपारच्या सुट्टीत पोरी फोनभोवती गोळा झाल्या होत्या, मी आल्यावर पांगल्या. एकीने फोन लपवला, तिच्याकडूनच मागून घेतला आणि शेवटपर्यंत पाहिली. मग संध्याकाळपर्यंत काम केलं. चारपाच दिवसांनी घरी आले तर दादा मला डबल वाढत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता, तेव्हाच ओळखलं की तुम्हा दोघांत काहीतरी शिजतंय.

ताई, त्या कोंबडीवाल्याचा मला राग आहेच. पण तो परका. त्याला मी कोण हे माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. दादाने मला न विचारता दार उघडलं आणि तू मला न विचारता लावलंस, तेही मला बाहेर ठेवून. बोलताना माझी जीभ अडते. तुमची तर अडत नाही ना? मग मला विचारायला काय झालं होतं?

तीन वर्षांचे गुरुवार तू पुसलेस. तुझ्या लेखी ती फक्त माझी फजिती होती. डोळे गेलेल्या जुन्या शिंपीणबाई रात्री झोप लागेना की त्यातली एखादी माळ लावून सोबत म्हणायच्या. त्या मला विचारायला आल्या की माझं काही चुकलं का, मला आवाज का येत नाही. त्यांना काय सांगू? ताईला माझी लाज वाटली, असं? खरं सांगते, कोंबडीने मी रडले नव्हते. त्या दिवशी रडले.

तुला वाटतं माळ सांगणं म्हणजे माझी परीक्षा. तसं नाही. अर्धी प्रार्थना मी म्हणते, अर्धी सगळे म्हणतात. सगळ्यांबरोबर माझी जीभ कधीच अडत नाही. एकटीच्या अर्ध्या भागात अडते कधीकधी, तेव्हा आपली माणसं थांबतात. आठवडाभरात तेवढ्या एकाच ठिकाणी लोक माझ्यासाठी थांबतात. दुकानात थांबत नाहीत, बसमध्ये नाही. घरातही नाही, हे दादाने वाचावं.

म्हणून रविवारी मिस्सेनंतर सभेत मी उभी राहिले. दादा पहिल्याच रांगेत होता. मी म्हटलं की ग्रुप बंदच राहू दे, पण कुणाचंही काही बाहेर दाखवायचं किंवा पुसायचं असेल तर ज्याचं आहे त्याला आधी विचारायचं. एवढं बोलायला मला फार वेळ लागला. मध्ये दादा उठून माझं वाक्य पुरं करायला लागला. मी त्याला बसायला सांगितलं, आणि तो शब्द मात्र झटकन आला. फादरांनी कबूल केलं की ग्रुप मोठा करायची घाई त्यांची होती. शिंपीणबाई म्हणाल्या, माळ बारकीच सांगेल, नाहीतर आम्हाला नको. तिथेच ठरलं.

आता माझं सांगते. ग्रुपची ॲडमिन मी होणार. आत यायला प्रश्न असतील, ते मी लिहिले आहेत. माळेचा व्हिडिओ ग्रुपबाहेर जाणार नाही आणि आत राहील. मला हे सगळं जमतं. कुठलं बटण कशाला ते बघायला मला एक संध्याकाळ पुरली. दादाला चर्चचा फोटोही लावून दिला असता, पण त्यानेही विचारलं नाही.

पुसलेलं परत येतं का, ते पाहून लिही.
तुझीच,
बारकी

२६ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. आ.

तुझं पत्र दवाखान्यात उघडलं आणि पेशंट समोर ताटकळत असताना दोनदा वाचलं.

पुसलेलं परत येत नाही. कंपनीला लिहिलं, उत्तर आलं, काही मुदतीनंतर मिळत नाही म्हणतात. शिंपीणबाईंचा नंबर दे, त्यांना मीच सांगेन की हे माझ्या हातून झालं. मला तुझी लाज वाटली नव्हती. त्या माणसाच्या हसण्याची एवढी चीड आली की हाताला लागेल ते बंद करत सुटले. त्यात तू आहेस हे दिसलंच नाही. हे वाचून तुला बरं वाटणार नाही, ठाऊक आहे. दादावरचा राग माझा तसाच आहे, आता त्यात माझाही वाटा पडला.

तुला ॲडमिन केलं आहे. मी ग्रुपमधून बाहेर पडले आणि परत येण्याची विनंती सगळ्यांसारखी पाठवली आहे. तुझे प्रश्न वाचले. घ्यायचं की नाही ते तुझ्याकडे.

उत्तराची वाट बघते.
तुझी ताई

४ मार्च

ती. ताईस,
स. न. वि. वि.

तुझी विनंती आली. दादाचीही आली आहे, तोही तुझ्यासारखाच आधी बाहेर पडला होता. त्याने ‘आपण या ग्रुपमध्ये का येऊ इच्छिता’ या प्रश्नाला ‘मी तुझा मोठा भाऊ आहे’ एवढंच उत्तर लिहिलंय. त्याला पुन्हा लिहायला सांगितलं. दोन दिवस झाले, पेन तोंडात धरून बसतो.

तुला घेतलं आहे, सभासद म्हणून. ॲडमिन करणार नाही.

शिंपीणबाईंनी तुझा फोन झाल्याचं सांगितलं. तू फोनवर रडलीस हेही सांगितलं. ते तू मला लिहिलं नसतंस.

ती क्लिप अजून फिरते आहे. फिरू दे, माझ्याच्याने ती थांबणार नाही. या गुरुवारी माळ मी सांगणार आहे, तू ये. राग अजून गेलेला नाही. जाईल तेव्हा मीच कळवीन, तू विचारत बसू नकोस.

माया आहे.
तुझी,
बारकी